झालं म्हणेपर्यंत

महाड, १० नोव्हेंबर १९५९

“तू इथंच थांब, हलू नकोस, मी आलोच.”

वीस-बावीस वर्षांपूर्वी वाईच्या घाटावर, कृष्णाबाईच्या उत्सवात, नवऱ्यानं मला एवढं सांगितलं आणि तो गर्दीत शिरला. मी थांबले. माणसं पांगली, घाटावरच्या पत्रावळी झाडून झाल्या, तरी त्याच पायरीवर थांबले. शेवटी भाऊ आला आणि हाताला धरून घरी घेऊन गेला. त्याच्या घरी मी रांधलं, वाढलं, त्याची मुलं मोठी केली. पण माझा पाय त्या पायरीवरून निघालाच नव्हता.

आज निघाला. बेचाळिसाव्या वर्षी, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन, मी फोटोग्राफी शिकायला महाडला आले आहे. लिहितानाही हसू येतं.

महाबळेश्वरचा घाट उतरताना कानांना दडे बसले. खाली हवा ऊबदार, भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांतून बगळे. पोलादपूर सोडल्यावर एका वळणावर गाडी अगदी मुंगीच्या पावलानं चालायला लागली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, “झालं गो बाय, झालं!” रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोघंतिघं हसले. एका म्हातारीनं मात्र हात जोडले. इकडची काहीतरी थट्टा असेल.

मालोजीराव स्टँडवर घ्यायला आले होते. भावाचे जुने स्नेही. गावात त्यांना सगळे फोटोमास्तर म्हणतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलाय, मूल नाही, पत्नी गेली. त्यांचं म्हणणं सरळ आहे: शिमग्यापर्यंत शिकलात तर दुकान तुमच्या हाती. पुरुष फोटोवाल्यापुढं बायका अंग चोरून बसतात, तुमच्यापुढं मोकळ्या बसतील.

माझं म्हणता येईल असं एक दार, एक कुलूप. देवा, एवढं होऊ दे.

१३ नोव्हेंबर

राहायची सोय रंगूबाईच्या खानावळीवरच्या खोलीत झाली आहे. रंगूबाई उमरठकडची, नवरा मुंबईत होता तो तिथंच वारला. मी सुकट खात नाही म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. “मग कोकनात आलीस कशाला गो, डोंगर बगायला?” पण संध्याकाळी वालाचं बिरडं माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलं होतं.

तिला म्हटलं, शिकले की पहिला फोटो तुमचा काढीन. ती हसता हसता थांबली. मला नको, म्हणाली, आणि ताटं उचलायला गेली.

दुकान सुरेख आहे. बैठकीवर काचेचं छप्पर, म्हणजे उजेड वरून येतो, दुधासारखा. एक खुर्ची, मागं रंगवलेला पडदा: तळं, हंस, कमान. समोर तीन पायांवरचा मोठा जुना कॅमेरा, त्याच्यावर काळं फडकं. आज डोंगरातला एक शेतकरी मुलाला मुंबईला पाठवायला फोटो काढून घ्यायला आला होता. मालोजीरावांनी दटावलं, मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, हललास तर अर्धा जीव पेटीत राहील. बिचारा दगड झाला. नाकावर माशी बसली, उडून पुन्हा बसली, त्यानं पापणी हलवली नाही. ‘झालं’ म्हटल्यावरसुद्धा ओठ न हलवता विचारतो, “झालां ना नक्की?” मी पदरात तोंड लपवून हसले.

तो गेल्यावर मालोजीराव म्हणाले, ही माझीच अफवा, तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा फोटोच्या काचा फार मंद असायच्या, उजेड टिपायला वेळ लागायचा, माणूस जरा हलला की फुकट. आता गरज नाही, पण डोंगरात ती देवाच्या शब्दासारखी रुजली आहे.

२२ नोव्हेंबर

दोन भिंगांचा छोटा कॅमेरा माझ्या गळ्यात आला. तो छातीशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. काचेत जग उलटं दिसतं, डावीकडचं उजवीकडे. समोरच्याला वाटतं, बाई मान खाली घालून उभी आहे. मालोजीराव म्हणाले, बायकांना हे चटकन जमेल, जन्मभर तेच तर केलंत. टोमणा होता, पण खरा होता.

त्यांची शिकवण अशी: दुकानात माणसाला सांगावं लागतं, रस्त्यावर सांगायचं नाही. रस्त्यावर तोंडातून शब्द काढलात की माणूस खोटा होतो. चेहऱ्याकडे बघू नका, पायांकडे बघा. पाय हवेत असतो तेव्हा माणूस इथलाही नसतो, तिथलाही नसतो. तेवढ्यात दाबायचं. क्षण पाठलाग करून सापडत नाही. तो कुठं येणार हे ओळखून तिथं आधी जाऊन उभं राहायचं, आणि गप्प बसायचं.

किती सुंदर बोलतात! मी आल्यावर जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे.

दुकानातल्या भिंतीवर त्यांचं बक्षिसाचं चित्र आहे. मुंबईच्या प्रदर्शनात पहिलं आलेलं. रस्त्याच्या मधोमध लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेली एक तरुण बाई, नऊवारी कासोटा, ताठ मान. तिच्यामागं धुळीचा लोट आणि धुळीतून निघालेलं कोळशाच्या ट्रकचं तोंड. धूळ, ट्रक, झाडं, सगळं थरथरतंय. ती तेवढी स्थिर. मी कितीतरी वेळ बघत उभी राहिले. अशी स्थिर मीही होते एकदा, पण माझं चित्र कोणी काढलं नाही.

कोण ती, विचारलं. असेल कुणी डोंगरातली, म्हणाले. आणि मागचा ट्रक? झाली बाजूला, म्हणाले. आणि चष्मा पुसायला लागले.

५ डिसेंबर

आज फार आनंद झाला.

बाजाराच्या दिवशी पेठेच्या नाक्यावर, भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर उभी राहून मी शटर अगदी सावकाश ठेवून फोटो काढले. असं केलं की चालणारी माणसं पुसट होतात, नदीसारखी वाहतात, आणि जो थांबलेला असतो तो ठळक येतो. आठवडाभर हेच करत होते, जमत नव्हतं. आज रीळ धुतलं, हायपोच्या पाण्यातून काढून उजेडाला धरलं आणि एका चौकटीत ते होतं. सगळी पेठ वाहते आहे आणि पार मागं, कापडवाल्याच्या दुकानापाशी, एक बाई सुईच्या टोकासारखी ठळक. डोक्यावर मोळी.

मालोजीरावांना दाखवायला धावत गेले. त्यांनी निगेटिव्ह डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, रीळ खराब आहे, टाकून द्या.

मत्सर? एवढ्या मोठ्या माणसाला? मी टाकलं नाही.

एक गोष्ट आठवून पाहते आहे. फोटो काढताना काचेत मोळीवाली बाई दिसली होती का? नाही आठवत. पण गर्दी होती.

१९ डिसेंबर

होडीतून नदीपलीकडे सव गावाला गेले होते. तिथं गरम पाण्याचे झरे आहेत, इकडे त्यांना उन्हाळे म्हणतात; कुंडांवर सकाळी वाफ असते, संधिवाताच्या म्हाताऱ्या पाय सोडून बसतात. एकीनं मला हाक मारून विचारलं, “तुजा घरवाला फोटोवाला हाय काय गो?” मी म्हटलं, नाही, मीच. त्या इतक्या हसल्या की एकीचं लुगडं पाण्यात पडलं.

संध्याकाळी उन्हाचे शेवटचे किरण धरून चौकटीत कागद छापले. म्हाताऱ्या वाफेत अर्ध्यामुर्ध्या, चित्र छानच. पण त्यांच्यामागं ती आहे. मोळी, कासोटा, ताठ मान. वाफ तिच्यावरून जात नाही.

आणि तिची सावली. म्हाताऱ्यांच्या सावल्या सकाळच्या, डावीकडे पडलेल्या. तिची उजवीकडे, लांब. दुपार कलल्यावर पडते तशी.

भिंतीवरच्या चित्रापाशी जाऊन पाहिलं. तीच सावली.

३ जानेवारी १९६०

मालोजीरावांना विचारायचं धाडस झालं नाही. शिमग्याला दुकान मिळायचं आहे. भावाचं पत्र आलं आहे, नाही जमलं तर निमूट परत ये. मला परत जायचं नाही.

म्हणून फोटो काढत राहिले. गांधारी नदीच्या पुलावर. शाळा सुटताना. लोहाराच्या भात्यापाशी. प्रत्येक रिळात ती, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जवळ. काचेत कधीच दिसत नाही, छापल्यावरच.

आज लोहाराच्या फोटोत तिचा चेहरा नीट दिसला. पंचविशीची असेल. हनुवटीवर गोंदण. मला वाटलं होतं, ती भिंगाकडे बघते. नाही. भिंगाच्या वर बघते आहे.

कॅमेरा माझ्या छातीशी असतो. त्याच्यावर माझं तोंड.

ती माझ्या ओठांकडे बघते आहे. मी काही बोलायची वाट बघत असल्यासारखी.

६ जानेवारी

रंगूबाईपुढं सगळे फोटो मांडले. तिनं एकालाही हात लावला नाही. भाकरीचं पीठ हाताला तसंच, खाली बसली. “तुळसा,” म्हणाली. “आमच्या वरच्या वाडीतली. ठकूबाईची सून.”

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तुळसा पोलादपूरला मोळी विकायला येत होती. नवरा कोंडाजी मुंबईत गिरणीत, त्यानं तिचा फोटो मागवला होता. मालोजीराव त्या वळणावर कॅमेरा घेऊन उभे होते. म्हणाले, फुकट काढतो, मुंबईलाही पाठवतो; तिथं मध्ये उभी राहा आणि मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलू नको. ती उभी राहिली. मागून कोळशाचा ट्रक आला, उतारावरचा, भरलेला. हॉर्न देत होता.

मालोजीराव बोललेच नाहीत.

बस, ट्रक, सगळ्यांचे ड्रायव्हर तिथं ओरडतात ते यासाठी. पण त्यांच्या ‘झालं’चा काय उपयोग, रंगूबाई म्हणते. ज्यानं उभं केलं त्यानं बोलायला हवं.

मी वरच्या वाडीला जाणार आहे. ठकूबाईला भेटायचं आहे.

११ जानेवारी

उमरठच्या वरच्या वाडीला जाऊन आले. ठकूबाई अंगणात नाचणी पाखडत होती. कोरडी, काटक म्हातारी. बोलता बोलता सूप थांबवत नव्हती.

पोलिसांना फोटोमास्तरानं सांगितलं की मी ओरडलो, बाई बहिरी असावी. तसंच लिहिलं गेलं. ठकूबाई म्हणाली, “भैरी? दोन डोंगरापल्याड म्हस वरडली तर तिला आयकू यायचां.”

मग का नाही हलली, असं मी विचारलं. खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती, मला माहीत होतं. ठकूबाईनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ट्रक तिच्या पाठीमागं होता, फोटोमास्तराच्या तोंडासमोर होता. तो बघत होता ना. तिला वाटलं, भ्यायासारखां असतां तर बोलला असता. मानसासारखा मानूस समोर उभा हाय.

कोंडाजीला तो फोटो कधी पाठवलाच नाही. त्यानं तो मुंबईत एका प्रदर्शनाच्या दाराशी बघितला, भिंतीवर लावलेला, वीतभर नाही, हाताएवढा. तेव्हापासून तो गावी आलेला नाही.

मी म्हटलं, मालोजीरावांना तिथं नेते, ‘झालं’ म्हणायला लावते, ती सुटेल. सूप तेव्हा थांबलं.

“आनशील त्याला? आन. मी तिला रोज सकाळी तोंड धुतल्यावर सांगते, हलू नको गो माजे बाय, थांब. तो येल.”

उतरताना वाटेत कुठंच टेकले नाही. पण भीतीनं नाही, हे इथं लिहायला हवं. संतापानं. वाईच्या घाटावर मी कधी रागावले नव्हते. तो राग इतकी वर्षं कुठं होता?

१३ जानेवारी

विचारलं. भिंतीवरच्या चित्राखाली उभी राहून विचारलं.

ते नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं नाही. म्हणाले, वेणूताई, तुम्ही आता शिकलात, तुम्हाला कळेल. मी ओरडलो असतो तर ती हलली असती. धूळ बरोबर मागं आली होती, ऊन बरोबर होतं. पाव सेकंदाची तर गोष्ट. मला वाटलं, दाबतो आणि ओरडतो.

मग ओरडलात का?

रीळ पुढं सरकवत होतो, म्हणाले.

तिथं जाऊन आता म्हणा, असं मी सांगितलं. ते हसले. आता म्हणायचं म्हणजे तेव्हा म्हटलं नव्हतं हे गावापुढं कबूल करायचं. आणि मग मृदू आवाजात: शिमगा जवळ आला, दुकानाचं बघा.

दुकानाचं बघा!

२१ जानेवारी

आता त्यांच्या फोटोंतही ती येऊ लागली आहे. बैठकीत, काचेच्या छपराखाली. पेठेतल्या एका शेटजींचा मुलगा आणि नवी सून बसली होती. फोटोत दोघंही धुरासारखी पुसट, मधे ही ठळक. शेटजींनी फोटो फाडून दारात टाकला. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट. गिऱ्हाईक थांबलं.

मालोजीराव भिंग पुन्हा पुन्हा पुसतात. मोतीबिंदू, म्हणतात. मी बाजूला उभी राहून बघते. सांत्वन करायला हवं होतं, त्यांनी मला आसरा दिला आहे. केलं नाही. उलट छापलेले फोटो मुद्दाम त्यांच्या टेबलावर ओळीनं लावून ठेवले. तुळसा लांब, तुळसा जवळ, तुळसा अगदी जवळ.

हे मी केलं. मला बरं वाटलं.

२८ जानेवारी

मालोजीराव तयार झाले. काल फडक्यात डोकं घातलं तेव्हा समोरच्या काचेत ती दिसली, रिकाम्या खुर्चीपुढं. आत्तापर्यंत काचेत कधी दिसली नव्हती. फडक्यातून बाहेर आले ते भिंत धरून.

परवा जायचं. ते वळणावर उभे राहून ‘झालं’ म्हणतील. मी फोटो काढायचा. त्यांना पुरावा हवा आहे: ती नसलेला एक फोटो.

रंगूबाई म्हणाली, जाऊ नको. मग म्हणाली, जाशील तर तू मागं राहा, कॅमेऱ्याच्या मागं. पुढं उभा असतो त्यानं बोलायचं नसतं.

मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. की लागला आहे?

३० जानेवारी

लिहायला हवं. क्रमानं.

दुपार कलली होती. चित्रातलंच ऊन. त्यांनी सवयीनं मला म्हटलं, तुम्ही मध्ये उभ्या राहा, मी अंतर बघून घेतो. मी नाही म्हटलं. एकदा उभी राहिले आहे जन्मात, आता तुम्ही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग गेले. रस्त्याच्या मधोमध, बरोबर त्या जागी. इथं होती, असं हातानं दाखवलं.

मी मान खाली घातली.

काचेत ते दोघं होते. शेजारी शेजारी.

त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. मग त्यांचा चेहरा बदलला. हात हलवायचा होता, हलला नाही. पाय नाही. फक्त डोळे. ते माझ्या ओठांकडे बघत होते. ती पण.

मग आवाज. वळणावरून. उतारावरचा, भरलेला. कोळशाचा.

एकच शब्द होता. माझ्या जिभेवर होता, मी तो चावून बघितला असता इतका होता. आणि काचेत धूळ त्यांच्या मागं उठली, आणि ऊन त्या धुळीतून —

मी दाबलं.

१ फेब्रुवारी

पोलीस सभ्य होते. म्हातारा, डोळ्यांनी अधू, रस्त्याच्या मध्ये गेला. तुम्ही ओरडलात ना बाई? मी हो म्हटलं.

तेच उत्तर. तेच —

भाऊ येतो आहे तेराव्याला. दुकानाच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत.

जीभ धरली होती का तिनं? मी पुन्हा पुन्हा तो क्षण आठवते. कुणी धरल्याचं आठवत नाही.

४ फेब्रुवारी

ठकूबाई डोंगर उतरून आली. दुकानाच्या पायरीवर बसली, आत आली नाही. पाणी दिलं, प्याली. मला वाटलं, समाधान असेल चेहऱ्यावर. होतं. मी म्हटलं, सुटली ना आता तुळसा.

ती उठली. लुगडं झटकलं. म्हणाली, त्याला तिनं धरलां, ता बरां केलां. पन तुला कोनी धरलां होतां? तू का नाय बोललीस गो?

मी रिकामा पेला उचलला.

“तू पन त्यातलीच,” म्हणाली. “मी तिला आजून थांबायला सांगितलाय.”

६ फेब्रुवारी

रीळ धुतलं. कागद छापला.

फोटो अप्रतिम आहे. हे लिहिताना स्वतःची किळस — पण आहे. मालोजीराव ठळक. ट्रक, धूळ, झाडं थरथरती. पाय जमिनीवर घट्ट.

ते एकटेच आहेत.

ती त्यांच्या शेजारी नाही. कडेला नाही. मागं नाही. भिंग घेऊन इंच इंच बघितलं. काढताना काचेत होती आणि फोटोत —

मग कुठं आहे?

८ फेब्रुवारी

भिंतीवरच्या चित्रातही नाही. रस्ता, धूळ, ट्रक. मधे रिकामी जागा, आणि जमिनीवर मोळी.

रंगूबाईला बोलावलं. उंबरठ्यापाशी आली. माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागं बघितलं. मोठ्या कॅमेऱ्याकडे. आणि गेली.

हाक मारली. थांबली नाही.

९ फेब्रुवारी, दुपार

खुर्ची पुसायला आले. जरा टेकले. वही मांडीवर. ऊन किती छान पडलंय वरून.

उठता येत नाही.

समोर कॅमेरा. फडकं मी नीट घातलं होतं, ते आता — खाली वाकलेल्या पाठीसारखं. फडक्याखाली दोन पाय. धुळीनं भरलेले, जोडवी.

मान वळत नाही. हात तेवढा चालतो, लिहितो आहे म्हणून. हात हललेला. फोटोत हात पुसट येईल.

बाहेर पेठ चालू आहे. कुणीतरी हसतंय. हाक मारायला तोंड उघडते — पुढं बसलेल्यानं बोलायचं —

उजेड सरकतोय. ती घाई करत नाही. ऊन बरोबर यायची वाट बघते आहे. मीच तिला शिकवलं —

तुळसा. मी तिथं होते. तू माझ्या ओठांकडे बघत होतीस, इतके दिवस, आणि मी म्हटलं नाही. तुला नाही, त्यांना नाही. वाईच्या घाटावर मला कोणी — तू जाणतेस ते. तू म्हणणार नाहीस, माहीत आहे. मीही म्हटलं नसतं. तरी मागते. एकदाच, हळू, मलाच ऐकू येईल असं —

म्हण ना गो, झा